कुरडयांचे दोन डबे

त्या उन्हाळ्यात आमच्या ओळीतलं सगळ्यात भरवशाचं वर्तमानपत्र म्हणजे माझी गच्ची होती, आणि ही गोष्ट कळली मात्र सगळ्यांत शेवटी मला.

आम्ही थाटीपूरला सरकारी क्वार्टरांत राहत होतो. सगळ्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे फक्त गुडघाभर कठडा. या टोकाला कुणी पापड वाळत घातले की त्यात जिरं आहे की मिरी, हे त्या टोकाला माहीत. आणि सगळ्यांचे नवरे एकाच ऑफिसात. मध्यभारत सरकार उन्हाळा लागला की इंदूरला जायचं आणि थंडीत ग्वाल्हेरला परतायचं, पण जाणारे ते मंत्री आणि सचिव. आमचं ऑफिस बारा महिने इथंच असायचं, लूचे गरम वारे खायला.

त्या वर्षी बातमी आली की मध्यभारतच राहणार नाही. दिवाळीच्या सुमारास नवं मोठं राज्य होणार. राजधानी आधी जबलपूरला म्हणत होते, मधे कुणी इंदूर म्हणालं, मग भोपाळ पक्कं झालं. ऑफिसातली काही माणसं भोपाळला जाणार आणि काही इथंच राहणार. कोण जाणार आणि कोण राहणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर दरबारची नोकरी केलेली, त्यामुळे सासूबाईंना हे सगळं सरकारच पोरखेळ वाटायचं. राजधानी म्हणजे काय पोळपाट आहे, इथून उचलला नि तिथं मांडला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. दूधवाल्यालाही विचारायच्या. तो बिचारा हो म्हणायचा.

मला राजधानीशी काही देणंघेणं नव्हतं. मला चार मुलं होती. थोरलीच्या वेण्या, मधल्या दोघींची भांडणं, आणि शेंडेफळ असं की जमिनीवर ठेवलं की रडायचं आणि उचललं की लाथा मारायचं. नळाला पाणी यायचं ते मुलांच्या शाळेच्या नेमक्या वेळेला. एका हातात वेणी आणि दुसऱ्या हातात कळशी, असे माझे सकाळचे काही तास रोज जायचे. एकदा मी घाईघाईत थोरलीच्या डब्यात सासूबाईंची जपमाळ भरून दिली आणि पोळी देवघरात ठेवली. सासूबाईंनी ती नैवेद्य समजून खाल्ली आणि भाजी कुठं आहे म्हणून विचारलं.

हे सगळं निभत होतं ते शेजारच्या वहिनींमुळे. त्यांचं घराणं फौजेतलं, आजे-पणजे सगळे लढवय्ये, आणि वहिनींच्या दंडात ते अजून शिल्लक होतं. माझं शेंडेफळ दिवसभर त्यांच्याच कडेवर असायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझ्या मुलांना त्यांनी जेवढे धपाटे घातले आणि जेवढं भरवलं, तेवढं मीही नसेल. त्या मला वहिनी म्हणायच्या आणि मी त्यांना वहिनी म्हणायची, त्यामुळे कुणी बाहेरून हाक मारली की आम्ही दोघी ओ द्यायचो. त्या भोपाळला गेल्या, किंवा त्या राहिल्या आणि आम्ही गेलो, तर माझं काय होणार, हा एकच प्रश्न मला त्या वर्षी पडला होता. नवं राज्य कुणी का चालवेना.

आणि कुरडया तर आम्हा दोघींच्याच होत्या. कुरडई हे एकट्या बाईचं काम नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा, आणि चौथ्या दिवशी पहाटे तो शिजवायचा. चीक शिजायला लागला की दगड होतो. तो घोटायला वहिनींचे दंड लागायचे आणि सोऱ्यातून गोल, नीट पाडायला माझा हात. त्यांनी पाडलेली कुरडई कुणी पायदळी तुडवल्यासारखी दिसायची आणि मी घोटलेल्या चिकात लिंबाएवढ्या गाठी व्हायच्या. कुरडया वाळल्या की एकाच मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरायच्या आणि डबा आमच्याकडे सासूबाईंच्या खाटेखाली ठेवायचा. कारण वहिनींचे यजमान, आमचे भाऊजी, घरात कुरडई आहे म्हटलं की रोज तळायला लावायचे. सासूबाईंच्या खाटेखाली हात घालायची मात्र त्यांची हिंमत नव्हती.

आता यात माझी गच्ची वर्तमानपत्र कशी झाली, ते सांगते. हे ऑफिसात आस्थापना शाखेत होते. म्हणजे कुणाची बदली कुठं, हे ज्या टेबलावर ठरतं त्याच्या जवळपासच यांचं टेबल. पण ताकास तूर लागू देणार नाहीत. ऑफिसातलं तर सोडाच, दुपारी डब्यात काय खाल्लं हेसुद्धा विचारावं लागायचं, आणि ‘जे दिलं होतं ते’ असं उत्तर यायचं. ओळीतल्या बायकांना मात्र ठाम वाटायचं की रात्री आमच्या घरी सगळ्या याद्या मोठ्यानं वाचल्या जातात. मी काही बोलत नाही म्हणजे मीही पोचलेली आहे, असा त्यांचा समज होता. मग त्यांनी माझ्या बोलण्याकडे लक्ष देणं सोडलं आणि माझ्या गव्हाकडे द्यायला सुरुवात केली. जिला भोपाळला जायचंय ती वर्षाच्या कुरडया कशाला घालेल, असा साधा हिशोब.

नेमका त्या वर्षी चैत्रात माझ्या मधल्या दोघींना गालगुंड झालं. दोघींची तोंडं कलिंगडासारखी फुगली. त्यांना एकमेकींकडे बघून हसू यायचं आणि हसलं की दुखायचं, म्हणून मग दोघी रडायच्या. यात गहू कोण भिजवणार? मी कुरडया पुढं ढकलल्या, वहिनींनाही थांबवलं.

ओळीत हाहाकार उडाला. मला काही कळेना. पलीकडच्या बाईंनी त्यांची शिसवी घडवंची विकायला काढली. कोपऱ्यावरच्या घरातून तुळशीचं वृंदावन उचलून माहेरी पोचवण्यात आलं. एक बाई हळद मागायला आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून लांब श्वास घेऊ लागल्या. मला वाटलं त्यांना दमा आहे. मी त्यांना गरम पाणी दिलं. भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास येतोय का ते त्या बघत होत्या, हे मला महिन्यानं कळलं.

गालगुंड उतरलं. मुली पुन्हा आपापल्या मूळ आकारात आल्या आणि मी गहू भिजत घातले. दुसऱ्या दिवशी वास सुटला. तिसऱ्या दिवशी पाहते तो ओळीत घरोघरी तोच वास. पाचव्या दिवशी सगळ्या गच्च्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया, इकडून तिकडपर्यंत. खालून जाणाऱ्या टांगेवाल्यानं विचारलंसुद्धा की इथं कुणाचं लग्न आहे का. घडवंची विकणाऱ्या बाई ती परत मिळवायला इंदरगंजपर्यंत गेल्या, आणि नवा मालक देईना म्हणून तिथंच रस्त्यात रडल्या म्हणे.

त्याच संध्याकाळी वहिनी धावत आल्या. त्या जन्मानं, शिक्षणानं ग्वाल्हेरच्या, त्यामुळे त्यांची मराठी हिंदीच्या खांद्यावर हात टाकूनच चालायची. “वहिनी, एकदम पक्की खबर आहे. आपलं ऑफिस इथंच राहणार. आमच्या यांना वरून समजलं.”

वरून म्हटल्यावर मला वाटलं मोठ्या साहेबांकडून. मला इतका आनंद झाला की मी शेंडेफळाचा मुका घेतला आणि त्यानं माझा कान चावला. आम्ही दोघी राहणार. मग काय, मी आणखी गहू भिजत घातले. आता पाहुण्यांनाही पुरतील, दिवाळीलाही पुरतील, अशी हौसच आली मला. माझा दुसरा घाणा पाहिल्यावर ओळीला उरलासुरला संशय राहिला नाही. कुणी गाईचा गोठा बांधायला घेतला, कुणी भिंतीला चुना काढला.

दुसऱ्या घाण्याच्या दिवशी मोठी आंधी आली. वाळत घातलेल्या कुरडया उडून ओळभर पसरल्या. मुलं त्या गोळा करायला धावली आणि निम्म्या ओल्याच खाल्ल्या. एक माकड आमची कुरडई घेऊन पाण्याच्या टाकीवर बसलं. मधली खालून ओरडत होती, “आई, वो वापस नहीं देगा, तू दुसरी बनव ना!” मी तिला म्हटलं, मराठीत ओरड. ती म्हणाली, माकडाला मराठी येत नाही.

पुढं एकदा भाऊजी कट्ट्यावर बसले होते, तेव्हा मी सहज विचारलं की ऑफिस राहणार ही बातमी तुम्हाला वरून म्हणजे नेमकी कुणाकडून कळली. ते म्हणाले, हिशेब शाखेतल्या बाबूंकडून. त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्या घरातून. आणि त्यांच्या घरात कसं कळलं? भाऊजी जरा खाकरले. “त्यांच्या मिसेसनं तुमच्या घरी गव्हाचा वास घेतला म्हणे.”

आत चुलीवर दूध उतू गेलं. म्हणजे मी गहू भिजवले, त्यावरून ओळीनं ठरवलं की आम्ही राहणार. ते ऑफिसात गेलं, ऑफिसातून पक्की खबर होऊन माझ्याच घरी आलं, आणि त्या भरवशावर मी पुन्हा गहू भिजवले. मला असा राग आला की काय सांगू. कुणावर काढावा ते समजेना, म्हणून सासूबाईंवर काढला. त्या म्हणाल्या, मी काय केलं, मी तर खाटेवर होते.

त्या दिवसापासून मी ओळीत सगळ्यांना बजावून सांगू लागले की बायांनो, मला काही माहीत नाही, माझ्या कुरडयांवर जाऊ नका. त्यांनी समजुतीनं मान डोलावली. एकीनं माझा हात दाबून हळूच म्हटलं की बरोबर आहे, तुम्ही उघड कशा बोलणार. मी हात टेकले.

ज्येष्ठ संपत आला. आभाळ कधीही भरून येईल, म्हणून कुरडयांना शेवटचं ऊन देऊन डब्यात भरायची वेळ आली. त्या आठवड्यात हे उशिरा घरी यायचे आणि गप्प असायचे. म्हणजे रोजच असायचे, पण ही गप्प बसण्याची तऱ्हा निराळी होती. जेवताना कुणाकडे बघत नव्हते. शेजारून वहिनींचा आवाज आला, माझ्या शेंडेफळाला त्या काहीतरी म्हणून झोपवत होत्या, तसा यांचा घास हातातच राहिला. मग पाटावरून उठता उठता मला म्हणाले, “यंदा कुरडयांचे दोन डबे कर.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण डबे, बरण्या, पीठ, मीठ यांतलं एक अक्षर या माणसानं कधी उच्चारलं नव्हतं. घरात किती पातेली आहेत हे त्यांना सांगता आलं नसतं. मी म्हटलं, दोन कशाला, एकात मावतात. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

मी भांडी तशीच टाकून बसून राहिले. आता यात विचारण्यासारखं काय उरलं होतं? एक डबा जाणार होता आणि एक राहणार होता. आम्ही जाणार असतो तर हे म्हणाले असते सामान बघ. म्हणजे त्या जाणार. यांनी काही सांगितलं नव्हतं, नियम मोडला नव्हता, आणि मला सगळं कळलं होतं. मला भयंकर रडू आलं. शेंडेफळ न झोपताच शेजारून परत आलं आणि मला रडताना पाहून अचंब्यानं गप्प बसलं. रडण्याचं खातं आजवर त्याचं एकट्याचं होतं.

सकाळी मी गच्चीवर जाऊन दोन डबे भरू लागले. मोठा आमचा जुना, दुसरा ओळीतल्या एकीकडून रिकामा मागून आणलेला. वहिनी घोंगडी झटकायला वर आल्या. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कठडा ओलांडून शेजारी येऊन बसल्या. ओळीतल्या बायकांपेक्षा त्यांना माझ्या कुरडया कितीतरी चांगल्या वाचता येत होत्या.

थोड्या वेळानं त्या दुसऱ्या डब्यातल्या अख्ख्या कुरडया वेचून मोठ्या डब्यात टाकू लागल्या, आणि मोठ्यातल्या तुटक्या काढून आपल्यात. म्हणाल्या, “भोपाळपर्यंत तर यांचा चुराच होऊन जाईल. साबूत तुमच्याजवळ राहू द्या. मला तुटक्या चालतात.”

मला काय झालं ते आजही सांगता येणार नाही. मी रागावले. त्यांच्यावर, यांच्यावर, नव्या राज्यावर, भोपाळ नावाच्या न पाहिलेल्या गावावर. मी त्यांच्या हातातला डबा ओढून घेतला आणि सगळाच्या सगळा मोठ्या डब्यात ओतला, अख्ख्या आणि तुटक्या, सगळ्या एकत्र. वरून झाकण दाबलं आणि त्यावर बसले. झाकण वाकलं. वहिनी आधी घाबरल्या आणि मग हसू लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, आणि मी डब्यावरून उतरायला तयार नव्हते.

हे सगळं भर सकाळी, उघड्या गच्चीवर. आजूबाजूला वाळवणं उचलायला आलेल्या किती बाया होत्या याचं आम्हाला भान नव्हतं. दोन डबे भरताना त्यांनी पाहिले होते, आणि दोहोंचा एक झालेलाही पाहिला. पलीकडच्या बाई तर हातातलं सूप टाकून जिना उतरल्या.

संध्याकाळी हे घरी आले ते चक्क वेळेवर. टोपी खुंटीला लावली ती पडली, तरी उचलली नाही. चेहऱ्यावर हसू होतं. नोकरीला लागल्यापासून ऑफिसातली बातमी त्यांनी आपण होऊन घरात कधी सांगितली नव्हती, ती त्या दिवशी सांगितली. “अगं, यादी रद्द झाली म्हणतात. सगळे इथंच राहणार. अजून कागद आलेला नाही, पण दुपारपासून ऑफिसभर तेच चाललंय. खात्रीची बातमी आहे.”

ती यादी यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, कदाचित स्वतःच्या हातानं उतरवली होती. तरीही ते माझ्यासमोर उभे राहून मुलासारखे हसत होते. बातमी कुठून निघाली, ते मला सांगवेना. मी कढई चढवली आणि कुरडया तळल्या, त्या दिवशी भाऊजींनासुद्धा पोटभर. सासूबाईंनी खाटेवरून विचारलं की आज सण कुठला. हे म्हणाले, आहे एक.

यादी रद्द वगैरे काही झालेली नव्हती. पावसाळा सरला तसे कागद आले, आणि दिवाळीच्या आधी वहिनी भोपाळला गेल्या. जाताना शेंडेफळ त्यांच्या कडेवरून उतरेना, शेवटी मला ते सोलून काढावं लागलं.

पण त्या संध्याकाळी तळण झाल्यावर आम्ही दोघी गच्चीवर गेलो. वाकलेलं झाकण ठोकून सरळ करायचं होतं. ती बातमी सकाळी कुणी आणि कशी पसरवली, हे सगळ्या थाटीपुरात फक्त आम्हा दोघींनाच नक्की माहीत होतं. वहिनींनी झाकण धरलं, मी बत्त्यानं ठोकत होते. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी गहू जरा जास्त भिजवू, आणि चैत्रातच उरकून टाकू. मी म्हटलं, हो, आणि एक मोठा डबा घेऊ.